क्लोज केल्यावर पुन्हा पुन्हा येणारा क्रॅश, ‘टार्गेट इज बिझी’ आणि उरलेले आयनोड: फ्लश आणि रिलीजमधली गल्लत कशी शोधायची

ज्यांनी लिनक्ससाठी स्वतःचं छोटं फाईलसिस्टीम मॉड्यूल लिहिलंय, किंवा कुणीतरी लिहून सोडून गेलेलं आता सांभाळतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. लक्षणं साधारण अशी असतात: मशीन दोन-तीन आठवडे मस्त चालतं आणि मग एक दिवस कर्नल भलत्याच जागी कोसळतो, एकदा नेटवर्कच्या कोडमध्ये तर पुढच्या वेळी टीटीवायमध्ये (टर्मिनलच्या कोडमध्ये), आपल्या मॉड्यूलचं नावसुद्धा स्टॅक ट्रेसमध्ये (त्या वेळी चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) नसतं, रिबूट केलं की परत सगळं ठीक, म्हणून सगळे म्हणतात रॅम खराब असेल. किंवा अनमाउंट करायला गेलं की टार्गेट इज बिझी, आणि कोण धरून बसलंय तेच सापडत नाही. किंवा अनमाउंट नीट होतं पण लॉगमध्ये एक विचित्र ओळ येते. ही तिन्ही दुखणी मी एकाच मॉड्यूलमध्ये पाहिली, आणि तिन्हींचं मूळ एकाच जातीचं निघालं: धरलेली गोष्ट नेमकी कधी आणि कुणी सोडायची हे कोड लिहिणाऱ्याने चुकीचं धरलं होतं.

आधी दोन मिनिटं पाया. हा सोडून पुढे गेलात तर बाकीचं डोक्यावरून जाईल.

प्रोसेसकडे जो एफडी (फाईल डिस्क्रिप्टर) असतो, ३, ४, ५ वगैरे, तो फक्त एक नंबर. त्या नंबरावरून कर्नलमधल्या स्ट्रक्ट फाईलकडे पोचता येतं आणि त्या स्ट्रक्ट फाईलमध्ये एक मोजणी असते, एफ_काउंट, म्हणजे आत्ता किती जणांनी हिला धरून ठेवलंय. ड्यूप (एफडीची प्रत) केलं की मोजणी वाढते, फोर्क करून नवा चाइल्ड प्रोसेस काढला की चाइल्डच्या टेबलातले सगळे एफडी त्याच स्ट्रक्ट फाईलकडे बोट दाखवतात म्हणून परत वाढते, एमएमॅप करून फाईल मेमरीत जोडली तर तो मेमरीचा पट्टासुद्धा एक रेफरन्स धरतो, आणि युनिक्स सॉकेटवरून एफडी दुसऱ्या प्रोसेसला पाठवला तर तो वाटेत असतानाही धरलेलाच असतो. भाड्याच्या खोलीच्या चार किल्ल्या चार जणांकडे असाव्यात तसं आहे हे. क्लोज म्हणजे आपल्याकडची किल्ली परत देणं. खोली रिकामी होते शेवटची किल्ली आल्यावर, आणि ती शेवटची किल्ली तुमचीच असेल असं कुणी सांगितलंय?

आता फाईलसिस्टीम लिहिणाऱ्याला कर्नल यासाठी दोन वेगवेगळे हुक, म्हणजे आपलं फंक्शन जोडायच्या जागा, देतो. एक फ्लश, तो प्रत्येक क्लोजला बोलावला जातो, म्हणजे कुणीही किल्ली परत दिली की. दुसरा रिलीज, तो एकदाच, एफ_काउंट शून्य झाल्यावर, शेवटच्या एफपुटमधून (एफपुट म्हणजे रेफरन्स सोडणारं कर्नलचं फंक्शन). फ्लश काय परत करतो ते क्लोजच्या रिटर्न व्हॅल्यूमधून प्रोग्रॅमपर्यंत जातं. रिलीज काय परत करतो त्याकडे कर्नल बघतही नाही, फेकून देतो. हे वाक्य परत वाचा, कारण अर्धी दुखणी इथूनच येतात.

आमच्याकडचा प्रकार सांगतो. मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिथे एका डेटा लॉगरच्या डब्यासाठी ५.१० कर्नलवर चालणारं छोटं मॉड्यूल होतं. लिहिणाऱ्याने ओपनमध्ये ४०९६ बाइटचा बफर घेऊन स्ट्रक्ट फाईलच्या प्रायव्हेट_डेटामध्ये ठेवला होता, राइट आलं की आधी त्या बफरमध्ये जमवायचं, आणि क्लोजला उरलेलं डिस्कवर टाकून बफर केफ्रीने मोकळा करायचा. ऐकायला बरोबर वाटतं. फक्त ‘क्लोजला’ म्हणून त्याने फ्लश हा हुक निवडला होता, कारण नावावरून तोच बरोबर वाटतो आणि त्यातून एरर परत करता येतो. एक प्रोसेस, एक ओपन, एक क्लोज, एवढ्याच टेस्ट होत्या आणि त्या सगळ्या पास.

मग फील्डमध्ये काय झालं, तर लॉगर डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) अलार्म आला की सी लायब्ररीतलं सिस्टीम() हे फंक्शन वापरून एक छोटी स्क्रिप्ट चालवायचा, मेल पाठवणारी. स्क्रिप्टसाठी चाइल्ड जन्माला आलं, त्याच्याकडे लॉग फाईलचा एफडी आपोआप आला, स्क्रिप्ट संपली, चाइल्ड मेलं, मरताना कर्नलने त्याचे सगळे एफडी बंद केले, त्यात आमचाही, फ्लश चालला, बफर फ्री झाला. आणि पॅरेंट डीमन आरामात त्याच बफरमध्ये लिहीत राहिला. ४०९६ बाइटचा तो तुकडा स्लॅबने (कर्नलचा मेमरी वाटणारा भाग) तोवर दुसऱ्या कुणालातरी दिलेला, कधी नेटवर्कवाल्याला कधी टीटीवायला, आणि आमच्या लॉगच्या ओळी त्यांच्या डेटावर जाऊन पडायच्या. म्हणून क्रॅशची जागा दर वेळी वेगळी. अलार्म रोज येत नाही, आणि आला तरी दर वेळी तो तुकडा नाजूक माणसाच्याच हाती जाईल असं नाही, म्हणून आठवडे जायचे.

यावर आधी जे दोन ‘इलाज’ झाले होते ते सांगतो, कारण हेच दोन इलाज मी नंतर इतरांच्या कोडमध्येही बघितलेत. पहिला: केफ्री केल्यावर पॉइंटर नल करायचा आणि राइटमध्ये नल असेल तर ईआयओ हा एरर परत द्यायचा. क्रॅश थांबले, पण आता काय व्हायचं, की पहिल्या अलार्मनंतर लॉगरचं प्रत्येक राइट फेल, आणि डीमन राइटचा एरर बघतच नव्हता, म्हणजे डबा जिवंत आणि लॉग गायब. माझ्या मते हे क्रॅशपेक्षा वाईट, कारण क्रॅश निदान कळतो. तो इलाज काढून टाकावा लागला.

दुसरा इलाज जास्त समजूतदार वाटतो आणि म्हणून जास्त फसवा: डीमनमध्ये ओपन करताना ओ_क्लोएक्झेक हा फ्लॅग लावा, म्हणजे चाइल्डकडे एफडी जाणारच नाही. इथे मीही अडकलो होतो. ओ_क्लोएक्झेकचा अर्थ असा नाही की चाइल्डला एफडी मिळत नाही. मिळतो, फोर्कला सगळे मिळतात, आणि एक्झेक होताना, म्हणजे चाइल्ड दुसरा प्रोग्रॅम चालवायला घेताना, कर्नल तो बंद करतो. बंद करतो म्हणजे साधं क्लोज ज्या फिल्प_क्लोज फंक्शनमधून जातं त्यातूनच जातो, म्हणजे फ्लश चालतोच. आधी स्क्रिप्ट संपल्यावर बफर फ्री व्हायचा, आता स्क्रिप्ट सुरू होतानाच व्हायला लागला. क्रॅश कमी व्हायच्या ऐवजी लवकर यायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली की रोग वेगळाच आहे. ओ_क्लोएक्झेक लावायला हवंच, ती चांगली सवय आहे, पण फाईलसिस्टीममधली चूक ते झाकू शकत नाही.

शेवटी कासान (कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणारं टूल) चालू करून कर्नल बांधला. कासान ४.० पासून मुख्य कर्नलमध्ये आहे, २०१५ पासून, आणि तरी लोक आठवडेच्या आठवडे प्रिंटके (लॉगच्या ओळी) टाकत बसतात याचं मला खरंच वाईट वाटतं. पहिल्याच अलार्मला रिपोर्ट आला: यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडलेल्या मेमरीचा वापर, लिहिणारा आमचा राइट फंक्शन, आणि त्याखाली दोन ट्रेस, कुणी घेतला आणि कुणी सोडला. सोडणाऱ्याचा ट्रेस खालून वर वाचायचा असतो. एक्झेक, त्यावर डू_क्लोज_ऑन_एक्झेक, त्यावर फिल्प_क्लोज, त्यावर आमचा फ्लश, त्यावर केफ्री. आणि सोडणाऱ्या टास्कचा नंबर डीमनचा नव्हता, चाइल्डचा होता. घेणारा एक टास्क, सोडणारा दुसरा आणि वापरणारा परत पहिला, हे तीन नंबर एका रिपोर्टमध्ये असे दिसले की समजायचं फ्लशमध्ये काहीतरी सोडलं जातंय जे सोडायचं नव्हतं.

डब्यात मेमरी कमी असेल आणि कासान परवडत नसेल तर बूट लाइनमध्ये स्लब_डीबग लावा, पॉयझनिंग चालू ठेवून. मग फ्री झालेल्या मेमरीत ६बी हा बाइट भरला जातो, आणि क्रॅशच्या वेळी रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी असं काही दिसलं तर शंकेला जागा नाही, कुणीतरी सोडलेल्या मेमरीतून पॉइंटर वाचलाय. ५ए दिसलं तर ते वेगळं, घेतलेली पण कधीच न भरलेली मेमरी.

हे घरी पटकन घडवून बघायचं असेल तर अलार्मची वाट बघायची गरजच नाही, आणि डीमनचीही नाही. बॅशमध्ये एक्झेक वापरून आपल्या माउंटवरची एक फाईल ३ नंबरवर उघडा आणि मग दोनदा एको करून ३ वर लिहा. बस. पहिल्या एकोला बॅश ३ ची प्रत १ वर करतो, लिहितो, आणि मग १ पूर्वीसारखा करताना ती प्रत बंद होते, म्हणजे फ्लश. ३ अजून उघडाच आहे. दुसरा एको लिहायला जातो तेव्हा बफर गेलेला असतो. तीन ओळींची टेस्ट. ही आधी कुणी चालवली असती तर ते सगळे डबे फील्डमधून परत मागवावे लागले नसते.

दुरुस्ती सांगायला सोपी: सोडायचं सगळं रिलीजमध्ये नेलं. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि इथे घाई करू नका. बफरमधलं उरलेलं डिस्कवर टाकायचं कामही रिलीजमध्ये नेलं तर डिस्क भरली असेल तेव्हाचा ईएनओएसपीसी कुणाला सांगणार? रिलीजचं उत्तर कुणी ऐकत नाही. प्रोग्रॅमला क्लोजमधून शून्य मिळेल आणि डेटा गेलेला असेल. म्हणून काम दोन भागात तोडलं. फ्लशमध्ये म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) घेऊन बफरमधलं जे आहे ते लिहायचं, किती लिहिलं ती खूण पुढे सरकवायची, एरर असेल तर परत द्यायचा, आणि कशालाही फ्री करायचं नाही. रिलीजमध्ये अजून काही उरलं असेल तर लिहायचा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर निदान लॉगमध्ये ओरडायचं, आणि मग फ्री. म्युटेक्स का, तर दोन प्रोसेस दोन सीपीयूवर एकाच वेळी क्लोज करू शकतात आणि दोघांचे फ्लश समोरासमोर चालू शकतात. फ्लश दहा वेळा आला तरी दहाव्या वेळी काही बिघडता कामा नये.

मोठ्या फाईलसिस्टीम काय करतात ते बघायची सवय लावा, कोड समोर आहे. एक्स्ट४ ला फ्लश हुकच नाही. त्याच्या रिलीजमध्ये तीन छोटी कामं आहेत: फाईल शून्यावर ट्रंकेट करून परत लिहिली असेल तर लांबवलेलं ब्लॉक वाटप तिथे उरकून घेणं, शेवटचा लिहिणारा गेला असेल तर राखून ठेवलेले जादा ब्लॉक सोडणं, आणि डिरेक्टरी असेल तर वाचनासाठी बांधलेली झाडाची माहिती फ्री करणं. ‘शेवटचा लिहिणारा’ कसा ओळखतात तेही बघा, आयनोडवरच्या, म्हणजे फाईलच्या कर्नलमधल्या मूळ नोंदीवरच्या, आय_राइटकाउंटवरून. एफ_काउंट तिथे उपयोगाचा नाही, कारण एकच फाईल दोघांनी वेगवेगळी ओपन केली तर स्ट्रक्ट फाईल दोन असतात. उलट एनएफएस (नेटवर्कवरची फाईलसिस्टीम) फ्लश वापरतो, कारण तिथे क्लोज झाल्यावर दुसऱ्या मशीनने उघडलं तर नवं दिसायला हवं असा वायदा आहे, म्हणून क्लोजला सगळं सर्व्हरकडे पाठवून एरर परत देतो. कोटा संपल्याचा एरर एनएफएसवर राइटला न येता क्लोजला येतो तो याचमुळे. आणि फ्यूजवर (यूजर प्रोग्रॅम म्हणून फाईलसिस्टीम चालवायची सोय) लिहिणाऱ्यांनो, तुमच्याकडेही फ्लश आणि रिलीज वेगळे आहेत आणि नियम हाच: एका ओपनमागे फ्लश कितीही वेळा येऊ शकतो.

यूजर बाजूचं एक इथेच सांगून टाकतो. क्लोजचं उत्तर तपासा, पण ईआयएनटीआर (सिग्नलने कॉल मधेच तोडल्याचा एरर) आला म्हणून परत क्लोज करू नका. लिनक्समध्ये एफडीचा नंबर आधीच मोकळा झालेला असतो, आणि मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने काही उघडलं तर त्याला तोच नंबर मिळतो, मग तुमचं दुसरं क्लोज त्याची फाईल बंद करून टाकतं. ते शोधायला महिना जातो. डेटा खरंच डिस्कवर हवा असेल तर क्लोजच्या आधी एफसिंक, आणि त्याचंही उत्तर बघायचं.

आता रिलीजच्या बाबतीत एक गोष्ट जी आम्हाला दुरुस्तीनंतर चावली. आमच्या मॉड्यूलमध्ये कुठल्या प्रोसेसने किती फाईल उघडल्यात याचा हिशोब होता, ओपनमध्ये करंटचा, म्हणजे आत्ता चालू असलेल्या टास्कचा, पीआयडी बघून एक वाढवायचं आणि रिलीजमध्ये करंटचा पीआयडी बघून एक कमी करायचं. रिलीज ज्या टास्कमध्ये चालतो तो टास्क ओपन करणारा असेलच असं नाही. डीमन आधी मेला आणि चाइल्ड मागे राहिलं तर शेवटची किल्ली चाइल्डची, हिशोब त्याच्या नावे कमी होतो, म्हणजे उणे एक, आणि डीमनच्या नावे कायमचा एक जास्त. कधी कधी तर तो टास्क यूजरचा प्रोसेसही नसतो. ३.६ पासून, म्हणजे २०१२ मध्ये कर्नलच्या फाईलसिस्टीम कोडचे मेंटेनर अल व्हिरो यांनी केलेल्या बदलापासून, एफपुट शेवटचं काम तिथल्या तिथे करत नाही, टास्क यूजर मोडला परत जायच्या आधी उरकायच्या यादीत टाकतो, आणि कर्नल थ्रेड असेल तर वर्कक्यूकडे (मागे काम उरकणाऱ्या रांगेकडे) देतो. हे का केलं ते समजण्यासारखं आहे, एफपुट कुठल्याही खोल जागेवरून, कुठलंही लॉक हातात असताना बोलावलं जायचं आणि रिलीज तर स्वतः लॉक घेतो. नव्या कर्नलमध्ये साध्या क्लोजसाठी परत तिथल्या तिथे करतात, पण त्यावर विसंबून कोड लिहू नका. करंटवर विसंबायचंच नाही, ओपनमध्ये जे लागेल ते प्रायव्हेट_डेटामध्ये लिहून ठेवायचं आणि रिलीजमध्ये तेच वाचायचं. प्रोसेस मरताना तर करंटचा एमएम (यूजर मेमरीचा नकाशा) आधीच गेलेला असतो, एफडी नंतर बंद होतात, म्हणून फ्लश किंवा रिलीजमधून यूजरच्या मेमरीला हात लावायचा विचारही नको.

आणि ओपनच फेल झालं तर रिलीज येत नाही! आमचा ओपन बफर घ्यायचा, मग हिशोब वाढवायचा, मग जागा आहे का बघायचा आणि नसेल तर सरळ रिटर्न. बफर लटकला, हिशोबही लटकला. ज्या क्रमाने घेतलं त्याच्या उलट क्रमाने सोडत बाहेर पडा, गोटू वापरायला लाजू नका, सगळा कर्नल त्याच पद्धतीने लिहिलेला आहे. केमेमलीक (गळलेली मेमरी शोधणारं टूल) चालू करून डिस्क मुद्दाम भरून शंभर वेळा ओपन करा, गळती असेल तर यादीत आपल्या ओपनचं नाव शंभर वेळा दिसेल.

आता अनमाउंटकडे. इथे एक फरक कळला की अर्धं काम होतं. अनमाउंट बिझी म्हणून नाकारलं जातंय, की अनमाउंट होतंय पण नंतर लॉगमध्ये तक्रार येतेय? हे दोन वेगळे आजार आहेत.

नाकारलं जातंय म्हणजे माउंटचा रेफरन्स कुणाकडे तरी आहे: उघडी स्ट्रक्ट फाईल, कुणाची तरी करंट डिरेक्टरी, आत केलेलं दुसरं माउंट, लूप डिव्हाइस. फ्यूजर या कमांडला व्ही आणि एम लावून माउंट पॉइंट द्या, ॲक्सेस नावाच्या रकान्यात एफ असेल तर उघडी फाईल, सी असेल तर तिथे सीडी करून बसलेला शेल, एम असेल तर मॅप. आमच्याकडे एक बघायचं टूल होतं, फाईल उघडायची, एमएमॅप करायची, क्लोज करायचं आणि मॅपमधून वाचत बसायचं. त्याच्या प्रॉकमधल्या (कर्नल प्रोसेसची माहिती दाखवतो ती जागा) एफडी फोल्डरमध्ये काहीच दिसत नव्हतं आणि सगळे म्हणत होते हा धरून नाहीये. प्रॉकमधली त्याची मॅप्स फाईल उघडली तर आमच्या माउंटचा पाथ तिथे. क्लोजला फ्लश चालला, पण रिलीज चालणार मनमॅपला किंवा प्रोसेस मेल्यावर. फ्यूजर, एलएसओएफ, प्रॉक, सगळीकडे शोधून कुणीच सापडत नसेल तर मात्र संशय स्वतःच्या मॉड्यूलवर घ्या, फिल्प_ओपनने कर्नलच्या आतून काही उघडलंय आणि बंद केलेलं नाही असं असतं. यूमाउंट कमांडला एल लावून लेझी अनमाउंट करणं हा इलाज नाही, त्याने फक्त झाडातून फांदी नजरेआड होते, सुपरब्लॉक (त्या फाईलसिस्टीमची मुख्य नोंद) जिवंतच, डिव्हाइस धरलेलंच, आणि आता तर बघायला पाथही उरला नाही.

दुसरा आजार: अनमाउंट झालं, आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘व्हीएफएस: बिझी आयनोड्स आफ्टर अनमाउंट’, पुढे डिव्हाइसचं नाव, आणि ‘सेल्फ-डिस्ट्रक्ट इन ५ सेकंड्स. हॅव अ नाइस डे’. जुन्या कर्नलमध्ये ही ओळ खरोखर अशीच आहे, ५.१० मध्ये आम्हाला आली, आणि आमच्या एका नव्या मुलीने घाबरून डब्याचा प्लगच काढला होता. पाच सेकंदांनी काही फुटत नाही, पण पुढे केव्हातरी त्या उरलेल्या आयनोडला कुणी हात लावला की सुपरब्लॉक नसल्याने कोसळणं नक्की आहे. याचा उघड्या फाईलशी संबंध नाही. उघडी फाईल असती तर अनमाउंट झालंच नसतं. कुणीतरी आयगेट किंवा आयग्रॅब करून आयनोड घेतला आणि आयपुट करून परत सोडला नाही. आमचं सापडलं लुकअपमध्ये, म्हणजे नावावरून फाईल शोधणाऱ्या फंक्शनमध्ये: आयनोड आणायचा, मग डिस्कवरच्या नोंदीचा प्रकार तपासायचा आणि बरोबर नसेल तर एरर देऊन परत. मधे आयपुट नाही. सगळं नीट असेल तर आयनोड डी_स्प्लाइस_एलियासकडे जातो आणि तिथून पुढे त्याची जबाबदारी तिची, तिने एरर दिला तरी आयपुट तीच करते, तुम्ही परत केलंत तर मोजणी उलट दिशेने बिघडते. तिच्या आधी बाहेर पडत असाल तर मात्र आयपुट तुमचं काम. आयनोडऐवजी डेंट्री (फाईलच्या नावाची नोंद) लटकली असेल तर ओळ वेगळी येते, डेंट्री ‘स्टिल इन यूज’ म्हणून तिच्या नावासकट, ते बरं, नावावरून शोधता येतं.

डिलीट केलेली फाईल जागा सोडत नाही, डीएफ भरलेलं दाखवतो आणि डीयू रिकामं, हा प्रश्न इथे थोडक्यात, कारण यूजर बाजूचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं: एलएसओएफ ला प्लस एल१ लावा, डिलीट झालेल्या पण उघड्या फाईल दिसतील. फाईलसिस्टीमच्या बाजूने बघितलं तर अनलिंकमध्ये फक्त नाव काढायचं आणि एनलिंक (फाईलला किती नावं आहेत ती मोजणी) कमी करायचा. ब्लॉक सोडायची जागा इव्हिक्ट_आयनोड (आयनोड मेमरीतून काढताना येणारा हुक), तेही एनलिंक शून्य असेल तरच. आमच्या मॉड्यूलने अनलिंकमध्येच ब्लॉक मोकळे केले होते, म्हणजे उघडी फाईल वाचणाऱ्याला मधूनच दुसऱ्याच फाईलचा डेटा दिसायचा. ते हलवलं की लगेच पुढचा प्रश्न, नाव गेलंय, ब्लॉक अजून सुटले नाहीत आणि वीज गेली तर? ते ब्लॉक कायमचे हरवले. एक्स्ट४ यासाठी अनाथ आयनोडांची यादी डिस्कवर ठेवतो आणि पुढच्या माउंटला सफाई करतो, लॉगमध्ये ‘ऑर्फन आयनोड्स डिलीटेड’ दिसतं ते हेच. आम्ही त्याचीच साधी नक्कल केली, सुपरब्लॉकमध्ये एक छोटी यादी. इव्हिक्टमध्ये ट्रंकेट_आयनोड_पेजेस_फायनल आणि मग क्लिअर_आयनोड, या क्रमाने, विसरलात तर कर्नल बग_ऑन करून जागीच थांबवतो.

शेवटचं, मॉड्यूल काढताना. आरएममॉड केलं की ‘स्लॅब कॅश स्टिल हॅज ऑब्जेक्ट्स’. अनमाउंट स्वच्छ, लॉगमध्ये एकही आयनोड बिझी नाही, आणि तरी ही ओळ, तीही दर वेळी नाही. इथे गळती शोधत मी दोन दिवस घालवले आणि गळती नव्हतीच. आयनोडची मेमरी आरसीयूमधून (वाचणारे संपेपर्यंत सोडणं लांबवणारी कर्नलची सोय) थोडी थांबून सुटते, आणि आम्ही कॅश पाडत होतो ती सुटायच्या आधी. केमेम_कॅश_डिस्ट्रॉयच्या आधी एक ओळ, आरसीयू_बॅरियर. एक्स्ट४च्या कोडमध्ये अगदी हीच ओळ वर कॉमेंटसकट आहे.

आता आमच्या टेस्टमध्ये हे सगळं रात्रभर फिरतं: बॅशची ती तीन ओळींची टेस्ट, फोर्क करून चाइल्डला आधी मारणं, पॅरेंटला आधी मारणं, एमएमॅप करून क्लोज करणं, उघडी ठेवून अनलिंक, डिस्क भरून ओपन आणि डिस्क भरून क्लोज. प्रत्येक फेरीनंतर साधं अनमाउंट, लेझी नाही, मग आरएममॉड, मग डीमेसेजमध्ये बिझी, स्टिल आणि कासान हे तीन शब्द शोधायचे. एखादी फेरी अडकली तर तिथेच थांबायचं, डबा रिबूट करायचा नाही, आणि पहिल्यांदा प्रॉकमधल्या मॅप्स बघायच्या.